जुन्या नाशकातला धारवाला: वस्तऱ्याची धार बसवायला एक नंबर, शेवटचा हात मात्र घरीच

नाशकात खऱ्या वस्तऱ्याला धार कुठे लावून मिळते हे इतके लोक विचारतात की एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकतो. खरा वस्तरा म्हणजे अखंड पात्याचा, मुठीत मिटणारा, पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत असायचा तो. हल्ली सलूनमध्ये जो दिसतो त्यात अर्धं ब्लेड खोचतात आणि गिऱ्हाईक उठलं की फेकून देतात, रामकुंडावर मुंडन करणारेही तेच वापरतात, त्याला धार लावायचा प्रश्नच येत नाही आणि दिवसभरात वीस जणांच्या चेहऱ्यावर फिरणाऱ्या हत्यारासाठी तेच बरंय. हे सगळं घरी स्वतःपुरता वस्तरा ठेवणाऱ्यांसाठी आहे. मग तो आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला असो, गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारात घासाघीस करून घेतलेला असो की हौसेने ऑनलाइन मागवलेला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बोथट झालेल्या, खांडे पडलेल्या वस्तऱ्याला नव्याने धार बसवायची असेल तर या दुकानात डोळे झाकून द्या. पण दुकानातून आणला आणि तसाच गालाला लावला असं करू नका, शेवटचं बारीक काम दुकानाचे चाचा करत नाहीत, ते घरी करावं लागतं आणि ते जमण्यासारखंय.

दुकान दूध बाजाराकडून भद्रकालीच्या गल्ल्यांत शिरलं की लागतं. नाव मुद्दाम देत नाही, चाचांनाच नकोय, म्हणाले लोक फोन करकरून जीव खातात आणि हातातलं काम राहतं बाजूला. कोणालाही धारवाले विचारा, सांगतील. दुकान कसलं, एक दार आणि आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. एका अंगाला मोटरवरचं चाक, दुसऱ्या अंगाला लाकडी बाक, त्यावर ओलं गोणपाट आणि गोणपाटावर दगड. मुख्य धंदा पार्लरच्या कात्र्या, शिंप्यांच्या कात्र्या, केटरिंगवाल्यांचे सुरे आणि खाटकांचे सत्तूर. ते सगळं पोरगा चाकावर उरकतो. वस्तरा क्वचित येतो, पण आला की चाचा पोराला हात लावू देत नाहीत, स्वतः घेऊन बाकावर बसतात.

मला आवडलं ते त्यांचं बघणं. वस्तरा उघडल्यावर त्यांनी धारेकडे पाहिलंच नाही, आधी पाठ (धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड) बघितली, ट्यूबलाइटखाली तिरपी धरून. याला कारणंय. वस्तरा दगडावर सपाट झोपवायचा असतो, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या पाहिजेत. म्हणजे सुरीला धार लावताना जसा हाताने कोन धरावा लागतो तसं इथे काहीच नाही, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून कोन आपोआप ठरतो, बहुतेक वस्तऱ्यांत दोन्ही बाजू धरून सोळा-सतरा अंशांच्या आसपास. त्यामुळे प्रत्येक वेळी धारेबरोबर पाठही थोडी थोडी झिजते आणि पाठीवर एक चकचकीत पट्टी उमटते. आधीच्या माणसाने काय उद्योग केलेत ते त्या पट्टीवर सगळं दिसतं. चाचांनी नख ठेवून दाखवलं, "हे बघा भाऊ, टोकाकडे पट्टी रुंद झालीये आणि मुठीकडे दोऱ्याएवढी. पुढे जोर दिलाय कोणीतरी." मग डाव्या अंगठ्याचं नख तोंडात घालून ओलं केलं (हे मला जरा कसंतरी झालं, पण असो) आणि धार नखावर अगदी हलक्या हाताने, नुसत्या वजनाने ओढली. सारखी चिकटत चिकटत गेली तर ठीक, एका जागी घसरली तर तिथे बोथट, आणि अडकली तर खांडा. मधे एका जागी अडकलीच. "इथे आहे," म्हणाले. मला काही दिसेना, नंतर सराफ बाजारातून घेतलेल्या भिंगाखाली पाहिलं तर बरोब्बर तिथेच बारीकसा खांडा.

काम सुरू होतं हजार नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक). ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि लोक नेमकी तीच घाईत उरकतात. धारेच्या दोन्ही अंगांचे उतार एका रेषेत येऊन मिळाले पाहिजेत, ते हजारवरच मिळतात, इथे मिळाले नाहीत तर पुढे बारा हजारच्या दगडावर तास घासलं तरी नुसतं बोथट चकचकीत होतं. चाचा धार पुढे ठेवून वस्तरा ढकलतात, सरळ नाही, तिरका, मुठीकडून सुरू करून टोकाकडे संपेल असा, आणि वळवताना पाठीवरून उलटवतात. धारेवरून उलटवला की त्या क्षणी सगळं काम मातीत. प्रत्येक थोड्या वेळाने हाताच्या केसांवर बघतात, पण एकाच जागेने नाही, मुठीजवळचा भाग, मधला भाग, टोक, असं तिन्हीकडे बघतात. सगळीकडे सारखे केस निघाले तरच पुढचा दगड. पुढचा तीन हजारचा आणि शेवटी एक काळा, मधे खोलगट न झालेला, वर्षानुवर्षं सपाट राखलेला. नंबर विचारला तर "बापाचाय" एवढंच उत्तर.

दगड सपाट असणं ही गोष्ट वाटते त्यापेक्षा फार मोठीये. जुन्या पाट्यासारखा मधे खोलगट झालेला दगड असेल तर वस्तऱ्याची धार मधे टेकतच नाही, दोन्ही टोकं मात्र झिजत जातात. घरी दगड घेतलेल्यांनी हे लक्षात ठेवा. दगडावर पेन्सिलने चौकटी आखायच्या, जाड काचेवर वॉटर पेपर पसरायचा, पाणी टाकून दगड त्याच्यावर घासायचा, सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. काच फ्रेमवाल्याकडे तुकड्यात मिळते, वॉटर पेपर हार्डवेअरमध्ये. आणि हो, त्याच हार्डवेअरमध्ये तो दोन रंगांचा कार्बोरंडमचा दगड मिळतो ना, एक बाजू जाड एक बाजू बारीक, तो वस्तऱ्याला लावू नका. त्याची बारीक बाजूसुद्धा वस्तऱ्यासाठी फार खरखरीत आहे, कोयता-विळ्याला उत्तमये.

आता चाकाबद्दल. शहरात दुसरीकडे माझ्या एका मित्राने वस्तरा दिला होता, तिथे तो सरळ मोटरच्या चाकावर धरला. परत आला तेव्हा धारेजवळ निळसर-जांभळा पट्टा. वस्तऱ्याचं पोलाद जास्त कार्बनचं, पाणी देऊन कडक केलेलं असतं आणि धारेजवळ पातं इतकं पातळ असतं की चाकावर क्षणात तापतं. निळा रंग आला म्हणजे ती जागा तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापली आणि तिथला कडकपणा गेला. मग त्याला कितीही धार लावा, दोन दाढ्यांत उतरते. तो निळा भाग पूर्ण घासून काढल्याशिवाय इलाज नाही आणि तेवढं घासलं की पातंच अरुंद होतं. त्यामुळे कुठेही द्या, आधी विचारा की चाक लावणार का. चाचांकडे चाक आहे पण वस्तऱ्याला लावत नाहीत, हे मी उभं राहून बघितलंय.

मग तक्रार काय? तक्रार शेवटाची. काळ्या दगडानंतर चाचा एका लाकडी फळीला चिकटवलेल्या चामड्यावर हिरवं कंपाउंड (धार घोटायची पेस्ट) लावून वस्तरा घासतात आणि ते फार जोरात घासतात. चामडं दबतं, धारेच्या टोकाला गुंडाळल्यासारखं होतं, टोक किंचित गोल होतं. कात्री-सुरीवाल्या हाताची सवय आहे ती. हाताचे केस सटासट निघतात, कागद कापून दाखवतात, गिऱ्हाईक खूश. पण हनुवटीच्या खुंटांवर ओढतं आणि गळ्यावर तर नंतर तुरटी फिरवली की कळतं किती झोंबलंय ते. कागद कापला जाणं ही वस्तऱ्याची परीक्षाच नाही, कागद तर बरी सुरीपण कापते. मी त्यांना म्हटलं चाचा आठ हजारचा दगड ठेवा की, तर म्हणाले, "भाऊ, त्या दगडाचे पैसे वसूल व्हायला मला अजून एक जन्म पाहिजे." खरंय ते. त्या धंद्यात ते परवडणार नाही, आणि आपण तेवढं सांगितलं तर फळीवर न घासता दगडावरूनच उतरवून देतात. मी आता तसंच सांगतो.

पुढचं घरी. सुरुवातीला लोक सगळ्या नंबरचे दगड मागवतात, हजार, चार हजार, आठ, बारा, आणि मग वर्षभर ते कपाटात. त्याची गरज नाही. हजारचं काम चाचांकडे, घरी आठ हजारचा एक चांगला दगड आणि जमलं तर बारा हजारचा. आठ हजारचे कण साधारण सव्वा मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, आपला केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड, म्हणजे काय बारीक काम चाललंय याचा अंदाज येईल. जपानी दगड महाग आहेत, ते ज्यांना झेपत नाहीत त्यांनी एक मायक्रॉनची लॅपिंग फिल्म (घासणारे बारीक कण बसवलेला प्लास्टिकचा पातळ कागद) घ्यावी, ती त्याच काचेवर पाण्याने चिकटवायची आणि तिच्यावर वस्तरा फिरवायचा, काम तेच होतं, फक्त फिल्म फाटते लवकर आणि बदलावी लागते. पहिल्यांदा करणाऱ्याला मी फिल्मच सांगेन.

आठ हजारवर जोर शून्य. हात फक्त दिशा द्यायला, वजन वस्तऱ्याचं स्वतःचं. आधी धारेच्या उतारावर मार्कर फिरवून घ्या, दोन-चार हात मारा आणि भिंगाखाली बघा, शाई अगदी धारेच्या कडेपर्यंत निघाली असेल तर बरोबर चाललंय, कडेवर शाईची काळी रेघ राहिली तर दगड धारेपर्यंत पोचतच नाहीये आणि पुन्हा हजारचं काम आहे. हे मार्करचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं. डोक्याचा केस धरून त्यावर धार टेकवून बघायची पद्धत पण आहे, केस टचकन तुटला पाहिजे, पण केस कोणाचा, धुतलेला की तेल लावलेला, यावर निकाल बदलतो, मी फार भरवसा ठेवत नाही.

आणि मग पट्टा, म्हणजे वस्तरा फिरवायची चामड्याची लांब पट्टी, तिला दुसरी बाजू कापडाची. खरं सांगायचं तर वस्तरा पट्ट्यावर जगतो, दगडावर नाही. प्रत्येक दाढीच्या आधी पट्ट्यावर मारायचा, एक दिवस पण चुकवायचा नाही. इथे दिशा उलटी, पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर पट्टा कापला जातो. पट्टा ताणून धरायचा, झोळी पडली की पुन्हा धारेचं टोक गोल होतं. आधी कापडी बाजूवर वीसेक हात, मग चामड्यावर चाळीस-पन्नास, वळवताना परत पाठीवरूनच. वेग नंतर येतो, सलूनमध्ये जुने कारागीर फटाफट मारायचे ते बघून कोणी तसं करायला जाऊ नका. पट्टा कसा घ्यावा तर रुंद घ्यावा, तीन इंची. अरुंद पट्ट्यावर पण तिरपं फिरवून जमतं पण नवख्याला नको. मी ऑनलाइन घेतलेला पट्टा आला तेव्हा पुठ्ठ्यासारखा ताठ होता, रोज तळहात घासून घासून आता कुठे मऊ झालाय, कंपनीचं नाव सांगण्यासारखं त्यात काही नाही. चामडं चांगलं असेल तर वस्तऱ्याला ते हलकं धरतं, हाताला ओढ जाणवते. ती ओढ नसेल, नुसतं सरकत असेल तर पट्टा सुकलाय.

ज्यांना विचारायचंय की मग दगडावर परत कधी, त्यांच्यासाठी. रोजच्या दाढीत गालावर सगळं छान पण मिशीच्या जागी आणि हनुवटीवर ओढायला लागलं, साबण तोच, पाणी तेच, म्हणजे धार उतरायला लागली. तेव्हा लगेच दगड काढायचा नाही. सपाट लाकडी फळीवर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट अगदी पुसट लावायची, नुसता हिरवट डाग दिसेल एवढीच, आणि दहा-पंधरा हलके हात. तिचे कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचे असतात. त्यानंतर चामडं. बहुतेक वेळा धार परत येते. असं दोन-चारदा करून झालं, आता पेस्टनेही फरक पडेना, की आठ हजार. आणि आठ हजारनेही फरक पडेना किंवा वस्तरा बेसिनच्या नळाला लागला, खांडा पडला, की बसा गाडीवर आणि जा भद्रकालीत. नीट वापरला तर ही शेवटची वेळ वर्षानुवर्षं येत नाही. रोज पेस्ट लावणारे पण आहेत, त्यांना धार येते पण हळूहळू टोक गोल होत जातं आणि मग दोष दगडाला.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो कारण नाशकातल्या जुलै-ऑगस्टमध्ये चांगल्या धारेचा निकाल लागतो. गंज आपल्याला दिसायच्या आधी धारेच्या टोकाला लागलेला असतो. दाढी झाली की धुवून टिशूने पुसायचा, पाठीकडून धारेकडे, मुठीच्या खिळ्याजवळ पाणी जाऊ द्यायचं नाही, पुसून पट्ट्याच्या कापडी बाजूवर चार हात मारायचे म्हणजे उरलेली ओल जाते, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. बाथरूममध्ये ठेवायचा नाही. चामड्याच्या कव्हरमध्येही नाही, चामडं ओल धरतं. माझा कपाटात कपड्यांच्या वर असतो, घरातले नावं ठेवतात.

आता दुकानाचे बाकीचे तपशील. मी गेलो तेव्हा वस्तऱ्याचे १५० घेतले, खांडा काढायचा होता म्हणून ५० जास्त. काम बघता हे फारच कमीये, मी वर दिले तर परत करत होते. क्यूआर कोड आहे, बिल मागू नका. त्याच दिवशी मिळेल असं नाही, लग्नसराईत केटरिंगवाल्यांची गर्दी असते तेव्हा दोन-तीन दिवस धरून चाला. शुक्रवारी दुपारी बंद. चारचाकी आत नेऊ नका, शालिमारला किंवा कुठेतरी बाहेर लावून चालत जा, दुचाकीलाही संध्याकाळी जागा मिळत नाही. वस्तरा परत देताना वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून देतात आणि तो कागद ओला असतो, तेव्हा आपला सुका फडका न्या आणि तिथेच पुसून घ्या, हे मला खटकलं, एवढं निगुतीने काम करून शेवटी ओला कागद. आणि चाचा नसतील तर पोराकडे ठेवून येऊ नका. पोरगा चांगलाय, कात्रीला त्याचा हात छान आहे, पण वस्तरा त्याने चाकावर घेतला तर मी जबाबदार नाही.

एक शेवटचं, जुना वस्तरा घ्यायला निघालेल्यांना. जर्मनीतल्या झोलिंगेन शहराचा शिक्का असलेले वस्तरे अजून जुन्या बाजारात सापडतात, तिथे १९३८ पासून त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, तिथे न बनलेल्या मालावर ते नाव टाकता येत नाही. अर्थात आपल्याकडच्या पात्यावर कोण काय कोरेल याला तिथला कायदा काय करणार, तेव्हा शिक्का बघा पण पाठ, खांडे आणि धारेजवळचा गंज जास्त बघा. पाठीवर बारीक गंजाचे ठिपके चालतात, धारेवर असतील तर सोडून द्या, ते खोल गेलेले असतात आणि घासताना धार तिथून तुटत राहते. आणि ते जे ऑनलाइन तीनशे-चारशेला लाकडी मुठीचे, ड्रॅगनबिग्रन कोरलेले चकचकीत वस्तरे मिळतात, त्यातला एक माझ्यासमोर एकाने आणला होता. चाचांनी नखावर एकदा ओढला, मिटला आणि परत दिला. "याला धार बसेल, पण राहणार नाही, पोलादच नाही हे," म्हणाले आणि पैसे घेतले नाहीत. तसला असेल तर भद्रकालीपर्यंतचं पेट्रोल वाचवा.